रिकामी जागा छापायची कशी?

आईला मी चीनमधल्या हांगझोऊहून चहाचा डबा पाठवला, त्यावर तिचा फोन आला तो असा, "अगं डबा मिळाला, पण एका बाजूला छापायचंच राहिलंय वाटतं, डिफेक्टिव्ह पीस गळ्यात मारला का तुझ्या?" आता तो डबा डिझाइन करणाऱ्यांत मी होते. एकटी नव्हते, पण ती जी "राहिलेली" बाजू आहे ना, तिच्यासाठी मी तीन महिने भांडले होते आणि आईने डोंबिवलीत बसून एका वाक्यात निकाल लावला. तर त्या बाजूची ही गोष्ट.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे राहायला गेलो. हांगझोऊ म्हटलं की आपल्याकडे एशियन गेम्स आठवतात, बीडच्या अविनाश साबळेचं स्टीपलचेसचं गोल्ड, नागपूरच्या ओजस देवतळेची तिरंदाजी. आम्ही पोचलो तेव्हा गेम्स नुकत्याच संपल्या होत्या आणि मॅस्कॉटची पोस्टरं अजून भिंतींवर होती. पण त्या गावाला विचाराल तर ते दोनच गोष्टी सांगेल, शीहू नावाचं तळं आणि तळ्याच्या मागच्या टेकड्यांवरचा लोंगजिंग चहा. हिरवा चहा, पानं तापलेल्या कढईत हाताने दाबून दाबून चपटी करतात, आणि डब्याचं झाकण उघडलं की भाजलेल्या चण्यांसारखा वास येतो. छिंगमिंगच्या सणाआधी, म्हणजे ४-५ एप्रिलच्या आधी, खुडलेला चहा सगळ्यात भारी आणि सगळ्यात महाग. हे लक्षात ठेवा, कारण आमची डेडलाइन हीच होती आणि चहाची पानं कोणाच्या डिझाइन अप्रूव्हलसाठी थांबत नाहीत.

मी एका छोट्या स्टुडिओत हाताखाली लागले. पुण्यात आठ वर्षं मसाले, फरसाण, लोणची यांची पॅकेजिंग केली होती, तेवढ्या भांडवलावर. चिनी भाषा जेमतेम भाजी घेण्यापुरती, बाकी सगळं फोनमधल्या ट्रान्सलेटरवर. डिसेंबरात काम आलं, टेकड्यांकडच्या गावातलं एक चहावालं कुटुंब, स्वतःची झाडं, स्वतःचं दुकान. मालकाला सगळे लाओबान म्हणायचे, म्हणजे आपल्या भाषेत शेठ. लाओबानचा जुना बॉक्स टेबलावर आला आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं, कारण आपल्या लग्नातल्या ड्रायफ्रूटच्या बॉक्सचा तो सख्खा भाऊ होता. वर पिशवी, आत जाड पुठ्ठ्याचा बॉक्स, आत पिवळं सॅटिन, सॅटिनमध्ये खड्डे, खड्ड्यांत दोन डबे, डब्यांत फॉइलचे पाऊच आणि पाऊचमध्ये अखेर ५० ग्रॅम चहा. हे बदलणं भागच होतं, कारण १ सप्टेंबर २०२३ पासून तिथे जादा पॅकेजिंगवरचा नवा नियम लागू झाला होता. चहाला जास्तीत जास्त चार थर, आतल्या पोटभर रिकाम्या जागेवर मर्यादा, आणि चहाला लागलेलं पहिलं पाकीट सोडून बाकी पॅकेजिंगचा खर्च विक्रीच्या किमतीच्या २० टक्क्यांच्या आत. असा नियम आपल्याकडे आला तर दिवाळीचे निम्मे गिफ्ट हॅम्पर गपकन बंद होतील.

लाओबानचा ब्रीफ एका ओळीचा होता. "चिनी पेंटिंग लावा, पण भारी दिसू दे."

आता चिनी पेंटिंग म्हणजे काय, तर बाजारात तेव्हा एकच लाट होती, निळे-हिरवे डोंगर. वांग शीमंग नावाच्या पोराने १११३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, जवळजवळ बारा मीटर लांबीची एक गुंडाळी रंगवली, अझुराइटचा निळा आणि मॅलकाइटचा हिरवा, दगड कुटून केलेले रंग. ती बीजिंगच्या पॅलेस म्युझियममध्ये आहे. २०२२ च्या नववर्षाच्या टीव्ही कार्यक्रमात त्या चित्रावर बेतलेला नाच झाला आणि मग जे काही सुटलं विचारू नका, मूनकेक निळे-हिरवे, लिपस्टिक निळ्या-हिरव्या, मोबाइलची कव्हरं निळी-हिरवी. चित्र अफाटच आहे, त्यात वाद नाही, पण माझं मत सांगते, लोंगजिंगला ते शोभत नाही. तो चहा ग्लासात पाहिलात तर जवळपास पाण्यासारखा दिसतो, कणभर पिवळट. त्याच्यावर एवढा दगडी रंग म्हणजे ताकाला तांब्याचा हंडा.

माझा पहिला ड्राफ्ट मात्र याहून वाईट होता, कबूल करते. शाईतले डोंगर, धबधबा, पूल, होडी, होडीत कोळी, वर बगळे, खाली बांबू. याचं मूळ माझ्या लहानपणात आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या प्रत्येकाला आठवत असेल, आमचे ड्रॉइंगचे सर वर्गात फिरत आणि कागदाच्या रिकाम्या कोपऱ्यावर खडूने टकटक करून म्हणत, "हे काय? इथे काय पाऊस पडून गेला? मार्क जातात याचे." स्मरणचित्रात चार माणसं, एक झाड, एक फुगेवाला, भरलं पाहिजे. मी अजूनही भरते.

स्टुडिओची हेड माझ्याच वयाची, तिने स्क्रीनकडे बघितलं आणि होडी डिलीट केली. मग बगळे. मग पूल. मग धबधबा. मी बघत बसले, आणि शेवटी एक डोंगर उरला तेव्हा ती म्हणाली, "लिऊबाय." पांढरं राखणं. ट्रान्सलेटरने त्याचं "व्हाइट स्पेस" केलं आणि मी मनात म्हटलं हो माहितीये की, ग्रिड, मार्जिन, शिकलोय आम्ही पण. तिथेच माझी चूक झाली. आपल्या लेआउटमधली रिकामी जागा म्हणजे अक्षरांना श्वास घ्यायला सोडलेली, ती कशाचीच नसते. या लोकांची रिकामी जागा कशाची तरी असते. सतराव्या शतकात बादा शानरन म्हणून एक चित्रकार होऊन गेला, मिंग राजघराण्यातला, राज्य गेल्यावर भिक्षू झालेला. त्याचा मासा बघा, नुसता मासा, कोऱ्या कागदावर, पाण्याची एक रेघ नाही, आणि तरी तो पोहतोय. म्हणजे सगळा कागद पाणी झाला. माशाने कागदाला पाणी केलं! हे मला कळलं तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत हलले होते. जलरंगात आपणही पांढरा रंग वापरत नाही, कागद सोडतो, पण आपण सोडतो तो उजेड. इथे तोच कागद गरजेप्रमाणे धुकं होतो, तळं होतो, आभाळ होतो, आणि ते कोण ठरवतं तर शेजारची रेघ.

आणि गंमत म्हणजे या रिकाम्या जागेचा एक मोठा अध्याय त्याच गावात घडलेला. सोंग घराण्याचा सम्राट ह्वेइजोंग स्वतः उत्तम चित्रकार, शिवाय चहाचा एवढा नादी की ११०७ च्या सुमारास त्याने चहावर एक ग्रंथच लिहिला, कोणती वाटी, फेस कसा आणायचा, सगळं. राज्य सोडून सगळ्यात लक्ष, असं आपल्याकडे म्हणाले असते, आणि झालंही तसंच, उत्तरेतून जुर्चेन आले, राजधानी गेली, सम्राटालाच धरून नेलं. उरलेला दरबार दक्षिणेला पळाला तो हांगझोऊला. तिथल्या दरबारात पुढे मा युआन नावाचा चित्रकार झाला, त्याला टोपणनावच पडलं "एका कोपऱ्याचा मा". सगळं चित्र एका कोपऱ्यात, बाकी धुकं. नंतरच्या लोकांनी त्यावर टोमणा मारला की अर्धं राज्य गेलं म्हणून डोंगरही अर्धेच काढतोय. खरंखोटं बाजूला, पण तळ्याकाठी जानेवारीच्या सकाळी उभं राहिलात ना तर राजकारण लागत नाही, समोर खरंच एक कोपरा दिसतो आणि बाकी काही नाही.

डबा गोल होता, ६५ मिलिमीटर व्यास, उंची ९०. म्हणजे गुंडाळणारा कागद साधारण २०४ मिलिमीटर लांब. मी तो सपाट पसरून डिझाइन करत होते आणि काही केल्या पुढची बाजू-मागची बाजू जमत नव्हती, कारण गोल डब्याला पुढची बाजू नसतेच. मग हेडने सांगितलं की जुनी आडवी गुंडाळी कोणी भिंतीवर पसरून बघत नसे, टेबलावर ठेवून उजवीकडून डावीकडे हातभर हातभर उलगडायची, पुढचं उलगडलं की मागचं गुंडाळायचं. एका वेळी सगळं चित्र दिसतच नाही. मला त्याच क्षणी डबा कळला. डबा हातात घेतला की माणूस तो फिरवतो! फिरवतो म्हणजेच उलगडतो. मग ठरलं, डोंगर एकाच ठिकाणी, मग फिरवत जा, उतरता उतार, दोन-चार ठिपक्यांची झाडं, मग काहीच नाही, काहीच नाही, आणि पुन्हा डोंगर.

या गुंडाळ्यांची महाराणी म्हणजे हुआंग गोंगवांगची फूचुनच्या डोंगरांची गुंडाळी. फूचुन नदी हांगझोऊच्या वरच्याच अंगाला. या बाबाने वयाच्या सत्तरीच्या शेवटी ती काढायला घेतली, १३५० ला तीनेक वर्षांनी त्यावर लेख लिहिला, आणि ज्याच्यासाठी काढली त्याला एवढी धाकधूक की कोणी लंपास करेल म्हणून चित्र पुरं व्हायच्या आधीच त्याने स्वतःचं नाव त्यावर लिहून घेतलं. (क्लायंट तेव्हापासून असेच आहेत, आधी लोगो.) पुढे १६५० मध्ये एका मालकाने मरताना ती आपल्याबरोबर यावी म्हणून आगीत टाकायला लावली, पुतण्याने ओढून काढली, तोवर दोन तुकडे झाले होते. छोटा, ५१.४ सेंटिमीटरचा, हांगझोऊत झेजियांगच्या म्युझियममध्ये आहे, मोठा, सहा मीटरहून जास्त, तैपेईत. २०११ मध्ये तैपेईत दोन्ही एकत्र मांडले, तेवढेच.

पण मला आवडलेली गोष्ट वेगळीच. अठराव्या शतकात छियानलोंग बादशहाकडे आधी या चित्राची नक्कल आली. त्याला वाटलं हीच अस्सल. मग काय, महाराज खूश, दर थोड्या दिवसांनी ती उघडायची आणि जिथे पांढरं दिसेल तिथे कविता लिहायची, शेरा मारायचा, शिक्का उमटवायचा. पन्नासच्या वर वेळा, पुढची कित्येक वर्षं. आभाळ भरलं, नदी भरली, डोंगराच्या मधल्या फटीसुद्धा भरल्या. खरं तर नक्कल आल्याच्या पुढच्याच वर्षी, १७४६ ला, खरी गुंडाळी हाती आली होती, पण आता माघार कशी घेणार, म्हणून खरीलाच नक्कल ठरवून ठेवून दिली. त्यामुळे खरी वाचली!! आमच्या स्टुडिओत "छियानलोंग" हे क्रियापदच झालं होतं. क्लायंटने पांढऱ्यात काही टाकायला सांगितलं की आम्ही एकमेकींकडे बघून म्हणायचो, आला, छियानलोंग करायला आला.

चित्र काढायला एक आजोबा होते, निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे लाओशी म्हणायचे म्हणजे सरच. १० फेब्रुवारीला चिनी नववर्ष, त्याच्या आगेमागे कारखाने दोन-तीन आठवडे ठप्प असतात, म्हणून जानेवारीतच चित्र हवं होतं. मी बघायला गेले. शुआन कागद, आनह्वेईच्या जिंगश्येन भागात होतो तो, झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांचा, त्यातलाही कच्चा, म्हणजे शाई पडली की फुलणारा. लाओशींनी ब्रश आधी पाण्यात बुडवला, मग फक्त टोक शाईत, मग बशीच्या कडेला दोनदा टेकवला आणि ब्रश आडवा पाडून कागदावर एकच ओढ. एका ओढीत वरची कड काळी आणि खालची विरत विरत पांढऱ्यात मिसळलेली. डोंगर झाला. ते शाईत पाच रंग मानतात, करपलेला काळा ते पाण्यासारखा फिका, आणि मला त्या एका फटक्यात तीन तरी दिसले. मी फोन काढेपर्यंत दुसरा कागद घेतला होता. असे सोळा डोंगर काढले, पंधरा बाजूला टाकले, आणि दुपारभर आम्ही त्यांच्या बायकोने दिलेल्या सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलो.

इथे मी माती खाल्ली. निवडलेल्या चित्रात डोंगराचा उतार मला उलट्या दिशेला हवा होता, म्हणून मी स्कॅन करून सरळ फ्लिप मारला. फोटोशॉपमध्ये अर्ध्या सेकंदाचं काम, पुण्यात दिवसातून दहादा करायचे, लोणच्याच्या बाटलीवरची कैरी इकडे तोंड करून की तिकडे, कोण विचारतं. प्रिंट काढून लाओशींकडे नेली. त्यांनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला आणि हेडला काहीतरी म्हणाले. ती लाल झाली. ट्रान्सलेटर म्हणाला, "हे डावखुऱ्या माणसाने काढलं आहे." ब्रश कुठे टेकला, कुठे दाब पडला, कुठून उचलला, हे त्यांना हस्ताक्षरासारखं वाचता येत होतं, आणि मी त्यांचं अक्षर आरशात धरून परत त्यांनाच दाखवायला नेलं होतं. वर कोपऱ्यातला त्यांचा लाल शिक्काही उलटा, तो तर मला स्वतःलाच दिसायला हवा होता. मला "सॉरी" साठीचा चिनी शब्द येत होता तो मी चारदा म्हटला. लाओशी हसले आणि त्यांनी नवीन कागद ओढला, उतार मला हवा होता तसा, सुलट हाताने.

मग छपाई. पहिला विचार पत्र्यावर थेट छापायचा होता, आणि तिथे मला आयुष्यातला सगळ्यात मोठा विनोद कळला. पत्रा करडा असतो. त्यावर पांढरं हवं असेल तर आधी पांढऱ्याचा थर द्यावा लागतो, मग वर चित्र. म्हणजे ज्या जागेसाठी आम्ही एवढं तत्त्वज्ञान झाडत होतो, जिथे काही नाही म्हणून सांगत होतो, तीच जागा सगळ्यात आधी छापायची आणि तिचे पैसेही भरायचे! सॅम्पल आलं ते फ्रिजच्या दारासारखं, निळसर, चकचकीत. मॅट वार्निश मारून पाहिलं तर जुन्या फ्रिजच्या दारासारखं. शिवाय पत्र्यावरची छपाई थोड्या नगांत परवडत नाही. शेवटी डबा साधा ठेवला आणि त्याला कागद गुंडाळला, कोटिंग नसलेला, जरा खडबडीत. खरा शुआन नाही वापरला, तो दोन दिवसांत घासून फाटला असता.

कागद ठरला तर राखाडी रुसला. चार रंगांत छापलेला फिका राखाडी कधी हिरव्याकडे जातो, कधी गुलाबीकडे, मसाल्याच्या पाकिटावर कोणाला कळत नाही पण इथे डोंगरच तेवढा आहे. आणि भिंगाखाली ठिपके दिसतात, धुकं पुरळ आल्यासारखं. मग चार रंग सोडून दोनच खास शाया मिसळून घेतल्या, एक काळी, एक फिकी राखाडी, आणि बारीक विखुरलेल्या ठिपक्यांचं स्क्रीन. तिसरा रंग फक्त शिक्क्याचा लाल, तोही थोडा केशरीकडे झुकणारा, शिक्क्याच्या हिंगुळासारखा. मशीनवरचा माणूस दर वेळी शीट काढून विचारायचा, काळा वाढवू का, आणि मी नको म्हणायचे. बाहेरच्या बॉक्सवर मात्र आम्ही एक हौस केली, रिकाम्या भागात शाईशिवाय नुसत्या दाबाने उठवलेल्या पाण्याच्या रेघा, उजेडात तिरका धरला तरच दिसतील अशा. मला वाटलं केवढं मॉडर्न. तर हेड म्हणाली, नानजिंगच्या दहा बांबू स्टुडिओ नावाच्या छापखान्याने १६४४-४५ च्या पत्रं लिहायच्या कागदांवर हेच केलंय, लाकडी ठशांनी. मी गप्प.

लाओबान तीनदा आला. पहिल्यांदा त्याला पांढऱ्यात नाव मोठं हवं होतं. दुसऱ्यांदा क्यूआर कोड. तिसऱ्यांदा बायकोला घेऊन आला आणि तिने डबा हातात घेऊन फिरवला, एकदा, दोनदा, काही न बोलता, आणि त्याला काहीतरी पुटपुटली, त्यानंतर त्याने क्यूआर कोड तळाला चालेल म्हणून सांगितलं. काय म्हणाली ते मला कोणी भाषांतर करून दिलं नाही. एका गोष्टीत मात्र त्याचं बरोबर होतं, जे आमच्यापैकी कोणालाच आठवलं नव्हतं. अस्सल शीहू लोंगजिंगवर बनावट ओळखायचं सरकारी स्टिकर लावावं लागतं, ते दिसलं पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक हात लावणार नाही. मग स्टिकरची जागा शोधत बसलो, आणि शेवटी जुन्या चित्रात मालकाचा शिक्का जिथे पडला असता त्या ठिकाणी, उताराच्या टोकाला, ती सोडली. आमचा लाल शिक्का अजून लहान केला.

मार्चच्या शेवटी चहा आला, डबे आले, छिंगमिंगच्या आदल्या शनिवारी मी दुकानात गेले. शेल्फवर ओळीत आमचे डबे, काहींचे डोंगर समोर, काहींची धुक्याची बाजू समोर, आणि लांबून बघताना ते खरंच टेकड्यांच्या रांगेसारखं दिसत होतं, हे आम्ही ठरवलेलं नव्हतं, आपोआप झालं होतं. एक आजी आल्या, त्यांनी डबा उचलला आणि हळूच फिरवायला लागल्या. मी श्वास रोखून बघतेय. डोंगर गेला, झाडं गेली, पांढरं आलं, आणि पांढऱ्याच्या बरोब्बर मध्यभागी लाओबानने किमतीचं नारिंगी स्टिकर चिकटवलेलं होतं. आजींना तेच हवं होतं. त्यांनी किंमत वाचली, डबा ठेवला आणि शेजारचा सुटा चहा अर्धा पावशेर बांधून घेतला.

लाओबानने मला बघून लांबूनच अंगठा दाखवला. मीही दाखवला. मग दुकानातल्या पोरीने काउंटरवरून अजून एक स्टिकरचा रोल त्याला आणून दिला.